वारशाने आलेले जुने दागिने मोडायचे आहेत? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

नवं सोनं घ्यायला गेलं की पेढीवर थंडगार सरबत येतं, खुर्ची पुढे सरकवली जाते. तेच सोनं मोडायला घेऊन जा, सरबताचा पत्ता नसतो आणि आपल्याच पाटल्यांकडे कोणीतरी भिंगातून संशयाने बघत असतं. गेल्या वर्षी सासूबाईंचे दागिने विकायचं काम माझ्याकडे आलं. मी सून, म्हणजे कायद्याने त्यात माझा एका गुंजेचाही वाटा नव्हता, पण नवरा, दीर आणि नणंद तिघांनीही "वहिनी बघेल" म्हणून हात वर केले. त्या निमित्ताने नौपाड्यातल्या पेढ्यांपासून झवेरी बाजारापर्यंत जे समजलं ते इथे क्रमाने मांडते.

दोनच गोष्टी आधी मनात पक्क्या करा. आपल्या डागात, म्हणजे दागिन्यात, चोख सोनं किती आहे, हे तो मुशीत (सोनं वितळवायच्या भांड्यात) जाण्याआधी आपल्याला माहीत पाहिजे. आणि काही डागांची किंमत सोन्यात नसतेच. ते मुशीच्या आसपासही जाता कामा नयेत.

१. आधी मालकी ठरवा, मग भाव

मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. त्यानुसार बाईचे दागिने तिच्या पश्चात नवरा, मुलगे आणि मुली यांच्याकडे समान वाट्याने जातात. "सासूचं सोनं सुनेला आणि आईचं मुलीला" हा घराघरातला रिवाज असेल, कायदा नाही. "आईने तोंडी मला दिलं होतं" या वाक्यावर तर बोलणं बंद झालेली घरं तुमच्याही ओळखीत असतील.

म्हणून विकण्याआधी सगळ्या वारसांचं एक साधं संमतीपत्र करून घ्या: कोणते डाग, साधारण वजन, कोण विकणार, पैसे कोणाला किती. मुद्रांकावर छापून नोटरी करून ठेवा. ठाण्यात कोर्टनाक्याला हे काम सहज होतं. दागिने ही जंगम मालमत्ता, त्यामुळे घरासारखं निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करायची गरज नसते.

डाग लॉकरमध्ये असतील तर नॉमिनीबद्दलचा घोळ आधीच मिटवा. नॉमिनीला लॉकरमधल्या वस्तू ताब्यात मिळतात, मालकी मिळत नाही. तो वारसांच्या वतीने त्या घेतो. बँक साक्षीदारांसमोर वस्तूंची यादी करते. तिची प्रत मागून घ्या. पुढे कर भरताना हाच कागद पुरावा म्हणून उपयोगी पडतो. कागदपत्रं पूर्ण दिल्यावर बँकेने पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; शाखेत टोलवाटोलवी सुरू झाली तर तो लेखी आठवण करून द्या.

२. चादर पसरा आणि यादी करा

जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, चांगला उजेड, एक भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. असा काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. स्वयंपाकघरातला चालणार नाही. प्रत्येक डागाचे तीन फोटो: पुढून, मागून, आणि काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा. पाटलीची आतली बाजू, माळेचा फासा, कुडीची फिरकी या जागा भिंगाने बघा. जुन्या सोनाराचा किंवा पेढीचा शिक्का असलाच तर तिथेच असतो.

कपाटात जुन्या पावत्या, चोपड्या शोधा. सासूबाईंच्या वहीत "पाटल्या जोडी ४ तो. ७ मा. ३ गुं." अशी नोंद होती. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, १२ मासे म्हणजे एक तोळा, ८ गुंजा म्हणजे एक मासा. हिशेब केला तर ५३.८२ ग्रॅम. आमच्या काट्यावर जोडी ५३.४१ भरली. पन्नास वर्षं हातात वापरून एवढं झिजणारच, नोंद खरी निघाली.

आज मात्र पेढीवर "तोळा" म्हटलं की १० ग्रॅम. जुन्या वहीतले चार तोळे आजच्या चार तोळ्यांपेक्षा साडेसहा ग्रॅमहून जास्त भरतात. त्यामुळे पेढीवर बोलताना तोळ्यांत बोलूच नका, ग्रॅममध्ये बोला.

३. कोणते डाग मुशीपासून लांब ठेवायचे

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त गाळतात आणि खरं नुकसान इथेच होतं. पेढीवरच्या माणसाला सोनं विकत घ्यायचं असतं. मोती, खडे, नाणी, घडण यांचे तो काहीच देणार नाही, आणि त्यात फसवणूक नाही, त्याचा तो धंदाच नाही. निवड आपण घरीच करायची.

मोती. जुनी नथ, तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांची कुडी यांतले मोती बसऱ्याचे असू शकतात. बसरा म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी कल्चर (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या) मोत्यांनी बाजार व्यापला आणि तो व्यापार बसला. त्यामुळे आजी-पणजीच्या काळातल्या नथीत खरा बसरा निघणं अजिबात नवलाचं नाही. रंग पिवळसर, आकार थोडा वेडावाकडा, म्हणून नव्या पिढीला तो "खराब" वाटतो. नैसर्गिक की कल्चर हे डोळ्यांनी किंवा दातावर घासून खात्रीने ठरत नाही; त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी लागते. मुंबईत जीआयआय, आयजीआय, जीआयए अशा रत्नपरीक्षा संस्था आहेत. एवढीशी नथ घेऊन तिथे जायचा कंटाळा येतो, पण मोत्यांचा दाणा मोठा असेल तर जाच. आणि त्याआधी नथ लिंबाने, साबणाने किंवा टूथपेस्टने "उजळू" नका. मोत्यावरचा थर कायमचा जातो.

नाणी. माळेत किंवा डब्यात इंग्रजी सॉव्हरिन सापडतात. वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, सोनं २२ कॅरेट. वजन आणि व्यास दोन्ही जुळत नसेल तर ती स्थानिक नक्कल समजा. सोनं त्यातही असतंच, पण नाणं म्हणून वेगळा भाव नाही. नाण्याला कडी डाखवलेली (धातू वितळवून जोडलेली) असेल तरी संग्राहक सहसा हात लावत नाहीत. मग ते सोन्याच्या भावाने गेलं तरी हळहळ नको. पुतळ्यांची माळ जपून बघा. पुतळी मुळात व्हेनिसच्या नाण्यावरून आली. ते नाणं साधारण साडेतीन ग्रॅमचं आणि जवळजवळ चोख सोन्याचं. नंतर सोनारांनी तशा चकत्या इथेच घडवल्या. बहुतेक घरांतल्या पुतळ्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात, तरी एकदा नाणेतज्ज्ञाला दाखवा.

चांदीचे राणीछाप रुपये ११.६६ ग्रॅमचे, चांदी ९१.७ टक्के. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. त्यामुळे रुपये विकताना सालाप्रमाणे दोन ढीग करा, नाहीतर सगळेच खालच्या भावाने तोलले जातात.

हिरे. जुन्या कुड्यांमधले हिरे हाताने पैलू पाडलेले, मागून बंद घडणीत बसवलेले असतात. आजच्या मानाने ते कमी चमकतात, म्हणून "हे काचच आहे वहिनी" असं मला एका ठिकाणी अगदी सहज सांगितलं गेलं. प्रयोगशाळेत ती काच हिरा निघाली.

घडण. जुना सलग कोल्हापुरी साज, चपलाहार, लफ्फा शाबूत असेल आणि काम बारीक असेल तर तो वस्तू म्हणून विकला जाऊ शकतो. मुंबईत सॅफ्रनआर्ट, अस्टागुरूसारखी लिलावगृहं दागिन्यांचे लिलाव करतात. ती आधी फोटो मागवतात, प्रत्येक डाग घेत नाहीत, आणि विकल्यावर कमिशन कापतात. साध्या घरातल्या शंभर डागांतला एखादाच तिथपर्यंत पोचेल. ठुशी, बोरमाळ, साध्या बांगड्या यांच्याबाबतीत ही आशा धरू नका.

शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यात येतात. त्या देशाबाहेर पाठवायला खासगी व्यक्तीला मनाई आहे. अमेरिकेतल्या भाचीने "पणजीचा साज मला पाठवून दे, इथे चांगली किंमत येईल" म्हटलं, तर ते जमणार नाही.

४. काही डाग विकताच येत नाहीत

जुन्या घरांत बाळाच्या गळ्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख सापडतं. हस्तिदंती बांगड्या सापडतात. हे विकणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि मालकीचं प्रमाणपत्र नसताना नुसतं घरात ठेवणंही. फोटो काढून कुठल्या गटावर "किंमत काय येईल" असं विचारू नका. वकिलाशी बोला आणि वनखात्याला कळवा.

५. शुद्धता तपासून घ्या

भारतात सोन्याचं हॉलमार्किंग (शुद्धतेचा सरकारी शिक्का मारणं) २००० साली सुरू झालं, आणि सराफांवर ते बंधनकारक व्हायला २०२१ चा जून उजाडला. म्हणजे वारशातल्या जवळजवळ सगळ्या डागांवर हॉलमार्क नसणारच. "हॉलमार्क नाही, विकता येणार नाही" असं कोणी म्हटलं तर ते चूक. बंधन सराफाने नवं विकण्यावर आहे, तुम्ही जुनं विकण्यावर नाही.

डागावर "केडीएम" असेल तर तो शुद्धतेचा सरकारी शिक्का नव्हे. डाखाला कॅडमियम वापरलंय एवढाच त्याचा अर्थ. आणि साठच्या दशकातला डाग असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली. काही वर्षांतच ती उठली, पण त्या काळात लग्न झालेल्या बायकांच्या डब्यात १४ कॅरेटचा एखादा डाग निघतो. तेव्हा लगेच जुन्या सोनाराच्या नावाने बोटं मोडू नका.

तपासणीसाठी पेढीवर जायची गरज नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही डाग तपासून मिळतो. २०२२ मध्ये ठरलेला दर चार डागांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर डागामागे ४५ रुपये, वर जीएसटी. केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर मिळते. लेखी अहवाल घ्या. पेढीवर बोलणी करताना तो खिशात असला की समोरच्याचा सूर बदलतो.

तिथे बहुधा एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू मोजणारं, यंत्र असतं. ते डागाला धक्का न लावता काही सेकंदांत टक्केवारी दाखवतं, पण वाचतं फक्त वरचा पातळ थर. मुलामा असेल तर आकडा फुगतो. डाखाच्या जागेवर किरण पडला तर घसरतो. म्हणून एकाच डागावर तीन-चार जागी लावायला सांगा. पाटलीच्या आतल्या बाजूचा आकडा बाहेरच्यापेक्षा जास्त विश्वासाचा. चांदीच्या किंवा तांब्याच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवलेले डाग जुन्या घरांत सर्रास असतात. आकाराच्या मानाने हलकं वाटलं किंवा झिजलेल्या कडेला वेगळा रंग दिसला की तेच समजा.

६. गणित घरी करून जा

भाव बघायला आयबीजेएचा, म्हणजे इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा दर घ्या. तो कामकाजाच्या दिवशी रोज जाहीर होतो, वेगवेगळ्या शुद्धतेसाठी, जीएसटी न धरता. सरकारी सुवर्णरोख्यांची किंमतही याच दरावरून ठरते. पेढीच्या फलकावरचा भाव विक्रीचा असतो. तुम्ही विचारायचं: "आज मोडीचा भाव काय, आणि घट किती?" घट म्हणजे पेढी कापून घेते ते टक्के.

सोपा आकडा म्हणून २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. तुमचा डाग निव्वळ ४० ग्रॅम, अहवालात ८८ टक्के.

चोख सोनं: ४० × ०.८८ = ३५.२ ग्रॅम. किंमत ३,५२,००० रुपये. पेढीची कपात २ टक्के धरली तर हातात ३,४४,९६० रुपये.

आता दुसऱ्या पद्धतीने. "बावीसचा भाव धरतो वहिनी, जुना डाग म्हणून फक्त दहा टक्के घट." २२ कॅरेटचा भाव ९,१६०, चाळीस ग्रॅमचे ३,६६,४००, त्यातून दहा टक्के गेले की ३,२९,७६० रुपये. सुरुवातीचा आकडा मोठा ऐकू आला आणि हातात १५,२०० रुपये कमी पडले. त्यामुळे "बावीसचा भाव", "एकवीसचा भाव" यांच्या मागे जाऊ नका. चोख सोन्याच्या प्रत्येक ग्रॅममागे हातात किती, एवढा एकच आकडा सगळीकडून घ्या आणि तोच ताडून बघा.

७. कुठे विकायचं

ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड आणि जांभळी नाक्याचा परिसर. वाशीला सेक्टर १७. डाग ज्या पेढीचा आहे ती अजून चालू असेल आणि पावती असेल तर पहिली फेरी तिथेच. स्वतःच्या मालाला बहुतेक पेढ्या कमी घट लावतात. मोठ्या पेढ्यांची एक अडचण अशी की काही जण फक्त बदली (जुन्याच्या बदल्यात नवा दागिना) देतात, पैसे देत नाहीत, किंवा "बदलीला घट शून्य, पैसे हवेत तर इतके टक्के" असं असतं. बदलीत नव्या दागिन्यावर घडणावळ लागते आणि नव्याच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के जीएसटी. जुन्याची किंमत आधी वजा होत नाही. शून्य घटीचा फायदा तिथेच संपतो. नवा दागिना खरोखर हवा असेल तरच बदली करा.

सोनं बरंच असेल, शे-दोनशे ग्रॅमच्या पुढे, तर झवेरी बाजारात एक चक्कर मारा. ठाण्याहून मध्य रेल्वेने, वाशीहून हार्बरने मस्जिद किंवा सीएसएमटी, तिथून मुंबादेवीच्या दिशेने चालत. पहिल्या खेपेला डाग नेऊच नका. फक्त अहवाल आणि फोटो घेऊन भाव विचारून या. विकायला जाताना दोघांनी जा, गर्दीची वेळ टाळा, डाग कापडी पिशवीत घालून अंगाशी ठेवा. दागिन्यांच्या दुकानाची झगमगीत पिशवी हातात मिरवू नका.

दिवस कोणता? पाडवा, अक्षय्य तृतीया, धनत्रयोदशी, दसरा या दिवशी तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. पितृपक्षात मात्र नवं सोनं फार कोणी घेत नाही, पेढी शांत असते आणि माणूस नीट बोलतो. ज्यांना त्या पंधरवड्याचं वावडं नसेल त्यांनी तेव्हाच जावं.

"घरी येऊन रोख देऊ, पावतीची गरज नाही" अशा जाहिरातवाल्यांना दारातूनच वाटेला लावा. आणि पैशांची गरज चार-सहा महिन्यांचीच असेल तर विकूच नका, बँकेत सोनेतारण ठेवा.

सोबत न्यायचं:

- पॅन आणि आधार, मूळ आणि झेरॉक्स
- मृत्यू दाखल्याची प्रत
- वारसांचं संमतीपत्र किंवा मृत्युपत्राची प्रत
- जुन्या पावत्या असतील तर त्या
- शुद्धतेचा अहवाल
- डागांची यादी, वजनं आणि फोटो
- रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाची प्रत

पेढीवर इतके कागद मागितले तर राग मानू नका. चोरीचा माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि वारशाच्या डागाला बहुधा पावती नसते. न विचारता घेणारा सराफच जास्त धोक्याचा.

८. पेढीवर: तोलणं आणि आटणी

काटा आपल्यासमोर शून्यावर आणायला सांगा, त्यावर वजनमाप खात्याचा चालू शिक्का आहे का बघा. मंगळसूत्रातले काळे मणी, माळेचा दोरा, मोती, खडे आधी काढून घ्या आणि लगेच आपल्या डबीत टाका. "राहू द्या वहिनी, त्याला काही किंमत नाही" असं म्हटलं तरीही. किंमत नसेल तर तो तरी ठेवून काय करणार?

बोरमाळ, मोहनमाळ, वज्रटीक यांत आत लाख, म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ, भरलेली असते. अशा डागाचं काट्यावरचं वजन बघून मनातल्या मनात नवा फ्रिज घेऊ नका. आमची बोरमाळ ३१.२० ग्रॅम भरली होती. आटवल्यावर लाख जाऊन लगड (सोन्याची कांडी) उरली ती २२.६४ ग्रॅमची. हे आधी माहीत नसेल तर माणूस तिथल्या तिथे भांडायला उठतो.

लाखेचा किंवा बऱ्याच डाखांचा डाग असेल तर तो आटवल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. आटवायच्या आधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: कोणत्या भावाने घेणार, कपात किती टक्के, आटणीचे पैसे कोणाचे, आणि आकडा पटला नाही तर लगड परत न्यायची मुभा आहे ना. डाग एकदा आटला की तो पुन्हा बोरमाळ होत नाही आणि तुमच्या हातात फक्त लगड असते; बोलणी त्याआधीच व्हायला हवीत.

आटणी स्वतः उभं राहून बघा. "आत भट्टी आहे, ग्राहकाला येता येत नाही" असं म्हणाले तर डाग उचला आणि चालू लागा. बघण्यासारखं काम आहे खरं तर. मुशीत मणी टाकले, वर टाकणखाराची चिमूट, आणि गॅसची ज्योत लावली. आधी लाखेचा काळा धूर आणि तो देवघरातल्या जळक्या धुपासारखा वास. मग मणी काळवंडून एकमेकांत बसले, कडा ढासळल्या, आणि बघता बघता सगळं एक होऊन मुशीच्या तळाशी गरगर फिरायला लागलं. ओतल्यावर पाण्यात चर्र झालं. हाताशी आली बोटाच्या पेराएवढी लगड. नणंद शेजारी उभी होती, ती म्हणाली, "एवढीच?"

मूस रिकामी करून दाखवायला सांगा, तळाला कण चिकटलेले असतात. लगड कोरडी करून तोला, मग तिच्यावर दोन्ही बाजूंनी एक्सआरएफ लावा. आता आकडा खरा, कारण सोनं एकजीव झालंय. प्रत्येक डाग वेगळा आटवा. चौदा कॅरेटची अंगठी आणि तेवीस कॅरेटची पाटली एकाच मुशीत गेली की कशात किती होतं याचा पुरावा संपतो, आणि भावंडांत वाटे असतील तर हिशेबही.

साध्या भरीव पाटल्या, गोठ, बिलवर यांना आटवायची घाई नको. तीन-चार जागचे एक्सआरएफ आकडे जवळपास असतील तर तसेच घ्या म्हणून सांगा.

९. पैसे आणि पावती

व्यापाऱ्याने एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च त्याला प्राप्तिकरात धरता येत नाही. म्हणून नीट चालणाऱ्या पेढ्या त्याच्या वरची रक्कम थेट खात्यावर पाठवतात. तुमच्या बाजूनेही बंधन आहे: एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतलीत तर तेवढाच दंड होऊ शकतो. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच उठा.

घरगुती माणसाने जुने दागिने सराफाला विकले तर त्यावर जीएसटी लागत नाही. पावतीवर "जीएसटी वजा" अशी ओळ दिसली तर तिथेच विचारा.

पावतीवर डागाचं नाव, एकूण वजन, निव्वळ वजन, शुद्धता, भाव, कपात, तारीख आणि तुमचा पॅन हवा. नुसती "जुने सोने, रुपये इतके" अशी चिठ्ठी घेऊ नका. वारस अनेक असतील तर पेढीला प्रत्येकाच्या नावाने वेगळी पावती आणि वेगळे पैसे द्यायला सांगा. सगळे पैसे एकाच्या खात्यात गेले की पुढे प्राप्तिकराच्या नजरेत विकणारा तो एकटाच ठरतो, आणि खुलासे देत बसावं लागतं.

१०. प्राप्तिकर

वारशाने दागिने मिळाले यावर कर नाही. विकल्यावर झालेल्या नफ्यावर आहे. ताबा २४ महिन्यांहून जास्त असेल तर नफा दीर्घ मुदतीचा, आणि यात सासूबाईंकडे किंवा आईकडे डाग होता ती वर्षंही मोजली जातात. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, वर ४ टक्के उपकर. महागाईची जुनी सूट या दराबरोबर मिळत नाही.

नफा काढताना मूळ खरेदीची किंमत वजा होते, आणि डाग १ एप्रिल २००१ च्या आधीचा असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते. तेव्हा चोख सोनं ग्रॅमला चारशे ते साडेचारशे रुपयांच्या दरम्यान होतं. मघाच्या उदाहरणात ४२५ धरलं तर ३५.२ ग्रॅमचे १४,९६० रुपये. विक्री ३,४४,९६०, नफा ३,३०,०००, कर ४१,२५० आणि उपकर १,६५०. रक्कम मोठी असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाचा २००१ च्या किमतीचा अहवाल घ्या, आणि तो डाग आटवण्याआधीच घ्या. नंतर त्याला दाखवायला काही उरत नाही. मोती-हिऱ्यांच्या डागाला तर हा अहवाल हवाच.

वारसांपैकी कोणाचं बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल, तर न वापरलेली मर्यादा या नफ्यातून वजा होते. घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हे बऱ्याचदा लागू पडतं. पैसे राहत्या घरात गुंतवायचे असतील तर त्याचीही सवलत आहे. अटी सीएला विचारून घ्या.

"लग्न झालेल्या बाईला ५०० ग्रॅमच सोनं ठेवता येतं" हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ११ मे १९९४ च्या सूचनेप्रमाणे प्राप्तिकराच्या झडतीत विवाहित स्त्रीचं ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचं २५० आणि पुरुषाचं १०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करायचं नाही, एवढाच तो विषय. बाळगण्यावर ती मर्यादा नाही. वारशाचा कागद असेल तर त्याहून जास्तही सरळ विकता येतं.

आधीच कापला गेलेला कर (टीडीएस) सोडून वर्षाचा उरलेला कर १०,००० रुपयांच्या पुढे जात असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. विक्री झाल्यानंतरच्या पहिल्या हप्त्यापासून तो भरा. तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. साठीच्या पुढच्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना हा आगाऊ कर नाही, ते विवरणपत्र भरतानाच कर भरू शकतात.